घाटाखालचा बालाघाट

बालाघाट हे नाव दिशा सांगणारे आहे. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा आणि ‘पाईन’ म्हणजे खालचा. घाटमाथ्यावरच्या मुलखाला बालाघाट आणि पायथ्याच्या मुलखाला पाईनघाट म्हणण्याची रीत जुन्या महसुली कारभारात दख्खनभर रूढ होती. वऱ्हाडात पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे पाईनघाट ठरले आणि त्याच्या दक्षिणेचे बुलढाणा-वाशीमकडील पठार बालाघाट. बीड आणि धाराशिवकडच्या डोंगररांगेलाही हेच नाव चिकटलेले आहे. अशा नावावरून मुलूख कसा आहे हे जितके कळते, त्यापेक्षा ते नाव देणारा कोठे उभा होता हे अधिक कळते, कारण डोंगरावर राहणारा माणूस आपल्या गावाला ‘वरचे’ म्हणत नाही. तसे म्हणतो तो खाली उभा राहून वर पाहणारा. मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या खोऱ्यात असलेल्या बालाघाट जिल्ह्याचे नाव असेच खालून वर पाहून ठेवलेले आहे, आणि तरीही ज्या शहराला आज बालाघाट म्हणतात ते घाटाच्या वर नसून पायथ्याच्या सपाटीवर आहे. त्या गावाचे जुने नाव बुऱ्हा. जिल्ह्याचे ठाणे तेथे बसल्यानंतर जिल्ह्याचे नाव गावाला मिळाले. परिसरात एक कथा सांगितली जाते, की बारा घाटांवरून ‘बारहघाट’ असे नाव सुचवले गेले होते आणि कलकत्त्याच्या कारकुनाने ‘र’चा ‘ल’ केला. कथा रंजक आहे, पण बालाघाट हा शब्द दख्खनभर आधीपासून वापरात असताना तिची गरज पडत नाही.

या जिल्ह्याच्या उत्तर भागात, बालाघाट आणि नैनपूर यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर लामता हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनकारांनी जिल्ह्याचे तीन भाग केले होते. दक्षिणेची सखल, लागवडीखालची सपाटी हा पहिला; वैनगंगा आणि डोंगर यांच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेली, मध्येच टेकड्या आणि दाट रान घुसलेली अरुंद पट्टी, जिला मऊ तालुका म्हणत, हा दुसरा; आणि रायगड-बिछिया या नावाने ओळखले जाणारे बैहर-परसवाड्याकडचे उंच पठार हा तिसरा. लामता या मधल्या पट्ट्यातले. सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावलेली वैनगंगा आधी उत्तरेकडे, मग पूर्वेकडे असा मोठा वळसा घेते आणि या भागात दक्षिणेकडे वळते. तेथून पुढे तिचे पाणी भंडारा आणि गडचिरोलीकडे, म्हणजे मराठी मुलखाकडे वाहते. पाण्याचा उतार नागपूरच्या बाजूला आणि डोंगराची पाठ मंडला-जबलपूरच्या बाजूला, अशी या पट्ट्याची ठेवण आहे.

भूगोलात ‘प्रदेश’ हा शब्द किमान दोन अर्थांनी वापरला जातो. माती, हवामान, पीक किंवा भाषा यांपैकी एखादी गोष्ट सर्वत्र सारखी असल्यामुळे जो भाग एक ठरतो तो एकरूप प्रदेश. आणि आतली माणसे, माल व कागद एका केंद्राकडे जातात म्हणून जो भाग एक ठरतो तो केंद्रानुवर्ती प्रदेश. फ्रेंच भूगोलज्ञ पॉल विदाल द ला ब्लाश यांनी पहिल्या प्रकाराचे वर्णन करताना निसर्ग आणि पिढ्यान्‌पिढ्यांची शेती यांच्या संगनमताने घडलेल्या लहान मुलखांवर भर दिला होता, तर फिनलंडचे अन्सी पासी यांनी १९८६ पासून असे मांडले, की प्रदेश आधीपासून तयार नसतो. त्याला सीमा मिळते, नाव मिळते, कचेऱ्या आणि शाळा मिळतात आणि मग लोक त्याला आपला म्हणू लागतात. लामत्याच्या मुलखाला पासींची मांडणी अधिक लागू पडते, मात्र एका दुरुस्तीसह: येथे सीमा एकदा मिळाली नाही, चार वेळा मिळाली, आणि प्रत्येक वेळी ती वेगळ्या कारणासाठी वेगळ्या जागी पडली.

पहिली सीमा राजांची होती. पठारावरचा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राज्यात होता आणि सखल भागाचे ठाणे लांजीच्या किल्ल्याशी बांधलेले होते. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य संपवले आणि १७९९ मध्ये मंडला नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला. त्यामुळे घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख काही काळ एकाच सत्तेखाली राहिला. हा काळ जेमतेम दोन दशकांचा ठरला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, १८१८ मध्ये, मंडला आणि सिवनी इंग्रजांनी घेतले आणि वैनगंगेची सपाटी भोसल्यांकडे ठेवली. त्याच वर्षी कामठ्याच्या जमीनदारीत चिमणा पटेलाने अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने बंड केले आणि ते मोडण्यात आले. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात भोसल्यांच्या राज्याचे जे सुभे वर्णिले आहेत, त्यांत घाटावरचे देवगड, घाटाखालचे देवगड, वैनगंगा, चांदा आणि छत्तीसगड अशी विभागणी आहे. म्हणजे ‘वर’ आणि ‘खाली’ ही भाषा त्या कारभारातही होती, आणि नदीचे नाव हेच एका सुभ्याचे नाव होते. १८१८ पासून १८५४ मध्ये नागपूर खालसा होईपर्यंत, छत्तीस वर्षे, पुढच्या बालाघाट जिल्ह्यातून दोन राज्यांची हद्द जात होती: वर कंपनी सरकार, खाली भोसले.

ही हद्द ओलांडणारे लोक मात्र राजांची वाट पाहत थांबले नव्हते. पठारावर गोंड आणि बैगा होते. बैगांची ‘बेवर’ ही फिरती शेती म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी फेकून दोन-तीन वर्षांनी पुढे सरकणारी पद्धत होती आणि तिला कायमची शिवारे लागत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस लच्छमन नायक नावाच्या माणसाने परसवाड्याच्या पठारावर पहिली शेतकरी खेडी वसवली, असे इंग्रजी गॅझेटियरांत नोंदलेले आहे. त्याच नोंदींत त्या पठारावरच्या एका घडीव दगडी देवळाचा उल्लेखही येतो, त्यामुळे ‘पहिली’ हा शब्द जपून वाचावा लागतो. सखल भागात पोवार, लोधी, मरार, कुणबी, कोष्टी, महार, गोवारी अशी मिश्र वस्ती होती. यांपैकी पोवारांचा भाग या इतिहासात मोठा आहे. माळव्यातून आपण आधी रामटेकजवळच्या नगरधनला आलो आणि मग भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत केलेल्या चाकरीबद्दल वैनगंगेकाठच्या पडीक जमिनी मिळाल्या, अशी त्यांची परंपरा आहे; रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात ती नोंदवली आहे. परंपरेतला दरबारी भाग बाजूला ठेवला तरी एवढे उरते, की पाणी अडवून भात पिकवण्याची विद्या या लोकांनी खोऱ्यात दूरवर नेली.

ही विद्या शिवारात पाहिल्याशिवाय या मुलखाची एकरूपता समजत नाही. भाताच्या लहान चौकोनी तुकड्याला बांधी म्हणतात; तिच्या चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला असतो आणि पावसाचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरवले जाते, म्हणून उताराचा अंदाज चुकला तर वरची कोरडी पडते आणि खालची कुजते. पहिल्या पावसात कोपऱ्यातल्या बांधीत पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपांसाठी दाट बी पेरतात, आणि चिखलणी झाली की बाया ओळीने उलट पावली सरकत रोवणी करतात. मजूर किंवा पाणी कमी पडले तर रोवणीऐवजी बी सरळ फेकून ‘आवत्या’ करतात. धुऱ्यावर तूर लावतात, आणि भात उभा असतानाच ओलीत लाखोळी टाकून तेच शेत दुसऱ्यांदा वापरतात. बांधीच्या वरच्या अंगाला तळे असते. मालगुजार, म्हणजे सरकारात गावाचा सारा भरण्याची जबाबदारी घेऊन गावाची मालकी मिळवणारा इसम, अशी तळी बांधून घेई, म्हणून त्यांना आजही पूर्व विदर्भात मामा तलाव, अर्थात माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. साकोली, तिरोडा, गोंदिया, वारासिवनी आणि लामत्याकडचा मऊ पट्टा यांत ही शेती आणि तिची शब्दसंपत्ती बरीचशी एक आहे. बांधी आणि धुरा असलेला मुलूख संपतो तेथे घाट सुरू होतो, आणि लोकांच्या दृष्टीने जुनी, खरी सीमा तीच होती.

१८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व सिवनी या तीन जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा उभा राहिला. या जोडणीमागे भाषेचा किंवा लोकांच्या मागणीचा विचार नव्हता. मंडल्याहून दूर पडणारे पठार ओसाड राहते, त्यातून सारा मिळत नाही आणि तेथे शेतकरी नेऊन बसवायचे तर ते वैनगंगेच्या सपाटीतूनच मिळतील, असा हा हिशेब होता. म्हणून ज्या सपाटीतून माणसे न्यायची ती आणि ज्या पठारावर न्यायची ते, दोन्ही एका डेप्युटी कमिशनरच्या हाताखाली आणली गेली. सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी ब्लूमफील्ड याने बैहरच्या बाजूला पोवार शेतकऱ्यांना वसवण्याचा जोरदार प्रयत्न केला. याच दशकांत जंगलखात्याने राने राखीव केली आणि बेवरीवर बंधने घातली. जिला सरकारने ‘पडीक’ म्हटले ती जमीन बैगांच्या लेखी पडीक कधीच नव्हती, ही बाजू जिल्ह्याच्या जन्मकथेत सहसा सांगितली जात नाही. जिल्ह्याला ‘वरचा’ हे नाव मिळाले ते या वसाहतीच्या कार्यक्रमामुळे. थोडक्यात, नाव एका उद्दिष्टाचे होते आणि कचेरी खाली होती.

३,१३२ चौरस मैलांचा हा जिल्हा नागपूर विभागात घातला गेला. नागपूर, भंडारा, चांदा आणि वर्धा हे त्या विभागातले इतर चार जिल्हे. शेजारचा सिवनी मात्र त्या विभागात नव्हता. म्हणजे आयुक्ताची कचेरी, वरचे न्यायालय आणि मोठी बाजारपेठ या तिन्ही गोष्टींसाठी लामत्याकडच्या माणसाचे तोंड नागपूरकडे होते. शतकाच्या शेवटी १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी जिल्हा मोडला. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,२६,५२१ भरली आणि ती मागच्या दशकापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी होती.

दुष्काळांच्या पाठोपाठ रेल्वे आली. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुडा ओलांडणारा अडीच फुटी रुंदीचा लोहमार्ग टाकला आणि १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून बालाघाट, लामता, नैनपूर या वाटेने तो टप्प्याटप्प्याने जबलपूरपर्यंत नेला. दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर ठेवल्यामुळे तीव्र वळणे आणि चढ घेता आले आणि खर्च वाचला. गाडी मात्र सावकाश चाले. लामत्याला स्थानक मिळाले ते सपाटी आणि सातपुड्याचा चढ यांच्या सांध्यावर. रानातले लाकूड, बांबू, मोहफूल, लाख आणि खोऱ्यातले तांदूळ या मार्गाने उतरू लागले, आणि ते उतरून पोचत ते गोंदियाला, जेथे लहान गाडीतला माल मुंबई-कलकत्ता मार्गाच्या मोठ्या गाडीत चढे. बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीजच्या खाणींनी याच सुमारास वाहतुकीला जोर दिला. गोंदिया हे पंचक्रोशीचे केंद्र बनले ते कोणत्याही सरकारी आदेशाने नव्हे, तर रुळांची रुंदी तेथे बदलत होती म्हणून. केंद्रानुवर्ती प्रदेशाचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडते.

आता भाषेकडे वळावे लागते, कारण पुढचा सगळा निर्णय भाषेच्या नावावर झाला. कुणबी, कोष्टी, महार यांच्या घरांतून मराठी बोलली जाई, पठारावर गोंडी, आणि खोऱ्यात सर्वांत जास्त कानावर पडे ती पोवारी, जिची मुळे हिंदीच्या बाजूची आणि शेतीचे, नात्यांचे, बाजाराचे बरेच शब्द मराठीच्या शेजाराने आलेले. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाने मरारी, पोवारी, कुंभारी यांना पूर्व हिंदीतल्या बघेलीच्या दक्षिणेकडील मिश्र बोलींत घातले. वर्गीकरण म्हणून ते चुकीचे म्हणता येत नाही. पण सर्वेक्षणाला एका बोलीसाठी एकच खाना लागतो, आणि मराठी शाळेत शिकणारा, हिंदीत गाणी म्हणणारा, घरी पोवारी बोलणारा भंडारा-बालाघाटचा शेतकरी त्या खान्यात मावत नव्हता. जनगणनेत मातृभाषा म्हणून तो काय सांगेल हे बरेचसे प्रगणक कोणत्या भाषेत विचारतो यावर ठरत असावे.

१९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे आखल्या आणि मध्य प्रांताचे मराठी व हिंदुस्तानी असे दोन भाग पाडले. सरकारी नकाशात मात्र मध्य प्रांत आणि वऱ्हाड एकच राहिले. त्यांच्या बावीस जिल्ह्यांपैकी आठ मराठी आणि चौदा हिंदी मानले जात, राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. लामत्यासारख्या गावाला सोयीची व्यवस्था कोणती होती, असे विचारले तर उत्तर बहुधा हेच येईल: राजधानी जवळ, कारभार दोन भाषांत, बाजार आणि कचेरी एकाच दिशेला.

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला आणि सप्टेंबर १९५५ मध्ये त्याने अहवाल दिला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, चांदा आणि भंडारा या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे, ही त्याची शिफारस मान्य झाली नाही आणि ते जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले; उरलेले चौदा जिल्हे नव्या मध्य प्रदेशात गेले आणि त्यांत बालाघाट होता. आयोगाने सीमा आखताना साधारणपणे जिल्हा हाच घटक धरला, गाव धरले नाही. याच वाक्यात लामत्याचा निकाल आहे. १८६७ मध्ये वसाहतीच्या आणि साऱ्याच्या सोयीसाठी ज्या तीन तुकड्यांची मोट बांधली, तिच्यात मंडला-सिवनीकडचे तुकडे आल्यामुळे संपूर्ण जिल्ह्याची भाषिक बेरीज हिंदीच्या बाजूला झुकली होती, आणि नव्वद वर्षांनंतर ती मोट न सोडता तशीच उचलून एका राज्यात ठेवण्यात आली. सपाटी भंडाऱ्यातच राहिली असती तर ती आज महाराष्ट्रात असती, असा अंदाज करणे अवाजवी नाही. गोंदिया आणि तिरोडा येथेही पोवारी तितकीच बोलली जाते आणि ते भाग भंडाऱ्याबरोबर मुंबई राज्यात गेलेच. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीसाठी पुढे पाटसकरांनी गाव हा घटक मानला, बेळगावसाठी महाराष्ट्राने तोच नियम मागितला. वैनगंगेकाठी मात्र बेळगावसारखी चळवळ उभी राहिली नाही. येथे अन्याय झाला असे म्हणण्यापेक्षा, ज्या प्रश्नाचे उत्तर मराठी की हिंदी या दोनच शब्दांत द्यायचे होते तो प्रश्नच या खोऱ्याला नीट बसत नव्हता, असे म्हणणे सत्याच्या जवळ जाईल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला. गोंदिया आणि बालाघाट यांच्यातले अंतर जेमतेम चाळीस किलोमीटरचे, पण आता मध्ये राज्याची हद्द आली. एकाच समाजाचे नाव एका बाजूच्या दाखल्यात ‘पोवार’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पंवार’ असे लिहिले जाऊ लागले. शाळेतली भाषा वेगळी झाली, सोयरिकी मात्र हद्द ओलांडून होतच राहिल्या. लामत्याच्या परिसरात वैनगंगेवर ढुटी येथे इंग्रजी काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या कालव्यांचे पाणी बालाघाटच्या भाताला मिळते. बावनथडीच्या धरणासाठी पुढे दोन राज्यांना करार करून पाणी वाटून घ्यावे लागले. तांदळाचेही असेच झाले. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ खोऱ्याच्या दोन्ही काठांना पिकतो. भौगोलिक मानांकन, म्हणजे एखाद्या मालाचे नाव त्याच्या मूळ मुलखापुरते राखून ठेवणारी नोंदणी, २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला मिळाली आणि त्यानंतर भंडाऱ्याच्या चिन्नोरला वेगळी मिळाली. ज्या कायद्याचा हेतू मुलूख आणि पीक यांचे नाते ओळखणे हा आहे, त्याने एका मुलखाची दोन नावे नोंदवली.

छोटी गाडी एकशे दहा वर्षे चालली. २०१५ मध्ये मार्ग रुंद करण्याच्या कामासाठी ती बंद झाली. सामनापूर ते लामता हा रानातला तुकडा परवानग्यांमुळे सर्वांत उशिरा पुरा झाला आणि २०२१ पासून गोंदिया-जबलपूर हा संपूर्ण मार्ग मोठ्या गाड्यांसाठी खुला आहे. महसुलाच्या दृष्टीने बालाघाट जिल्हा आज जबलपूर विभागात मोडतो. लामत्याचे रेल्वे स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडळात येते.